कामात मन कशाने लागते, हे कर्मचाऱ्यांकडूनच कसे जाणून घ्यावे: नव्या व्यवस्थापकांसाठी मार्गदर्शक

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री असो, शहापूर-वडगाव भागातील यंत्रमागाचा कारखाना असो, निपाणीतील विडी उद्योग असो की खानापूरच्या बाजारपेठेतील पतसंस्थेची शाखा असो, व्यवस्थापकाच्या किंवा मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या खुर्चीत नव्याने बसलेल्या माणसाला पहिल्याच वर्षात एक फर्मान हमखास मिळते: ‘माणसांचं कामात लक्ष नाही, जरा त्यांच्याशी बोला.’ बोलायचे म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मग बाहेरून एखादा वक्ता बोलावला जातो, ध्येय आणि जिद्द यांवर दोन तासांचे भाषण होते, चहा-नाश्ता होतो, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला सगळे जसेच्या तसे असते.

या लेखात सांगितलेली पद्धत त्याच्या नेमकी उलट आहे. येथे व्यवस्थापक बोलत नाही, ऐकतो. प्रत्येक कर्मचारी आधी स्वतःशी विचार करतो की आपल्या कामातील कोणत्या भागाने आपल्याला बरे वाटते, आणि त्यातले जेवढे सांगावेसे वाटेल तेवढेच सहकाऱ्यांना सांगतो. मी हे काम आधी ओतकामाच्या एका कारखान्यात आणि नंतर एका पतसंस्थेत केलेले आहे. त्यातून जे टिकले ते क्रमाने मांडतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी: ही समाधान मोजण्याची पाहणी नव्हे आणि वार्षिक मूल्यमापनही नव्हे. या दोन्हींपैकी कशाचाही वास आला, तरी माणसे तोंड मिटून घेतात.

१. सुरुवात करावी की नाही, हे आधी ठरवा

पगार थकलेला असेल, ओव्हरटाइमचा हिशेब वादात असेल किंवा भविष्यनिर्वाह निधीची रक्कम भरली गेलेली नसेल, तर हा उपक्रम हाती घेऊ नका. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला ‘तुम्हाला कामात काय आवडतं?’ असे विचारणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय. आधी देणी भागवा, मग विचारा.

वेळ निवडतानाही आपल्या भागाचे भान ठेवावे लागते. दसरा ते दिवाळी हा काळ टाळा. बोनसचा कायदेशीर किमान दर ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के आहे, आणि या दोन आकड्यांच्या दरम्यान यंदा किती मिळणार याचीच चर्चा त्या दिवसांत प्रत्येक यंत्राजवळ चालू असते. तुम्ही कोणताही प्रश्न विचारला तरी तो बोनसची चाचपणी म्हणूनच ऐकला जाईल. १ नोव्हेंबरच्या आगेमागेही गट बसवू नका. एकाच छताखाली कर्नाटक राज्योत्सव साजरा करणारे आणि सीमाप्रश्नावरून काळा दिन पाळणारे, असे दोघेही असतात, आणि त्या आठवड्यात माणसे नेहमीपेक्षा मोजूनमापून बोलतात. साखर कारखान्यात गळीत हंगामात कोणालाच सवड नसते आणि हंगाम संपला की हंगामी कामगार गावी जातात. म्हणून गाळप मंदावल्यावर, पण हंगामी माणसे अजून कामावर असतानाच, बसवावे.

मात्र खंडेनवमीच्या दिवशी कारखान्यात एक फेरी जरूर मारा आणि काही न विचारता नुसते पाहा. कोण आपले लेथ आदल्या दिवशीच रॉकेलच्या बोळ्याने पुसून ठेवतो, कोण झेंडूची माळ स्वतःच्या हाताने बांधतो, कोण घरच्यांना बोलावून ‘हे माझं मशीन’ म्हणून दाखवतो आणि कोण प्रसाद घेऊन सरळ बसस्टँड गाठतो, यावरून पुढे कोणाला काय विचारावे याचा चांगला अंदाज येतो.

२. मालकांकडून तीन गोष्टी लेखी घ्या

तोंडी होकारावर विसंबू नका. पहिली गोष्ट अशी की बैठकीचा वेळ कामाच्या वेळेत धरला जाईल आणि कोणाचीही रोजी कापली जाणार नाही. कंत्राटी कामगार असतील तर हेच ठेकेदाराकडूनही लिहून घ्यावे, कारण त्यांच्या हजेरीचा कागद त्याच्याकडे असतो. दुसरी, कोणी काय सांगितले याचा उपयोग बढती, बदली किंवा वेतनवाढ ठरवताना केला जाणार नाही. तिसरी, लहानसहान बदल करण्याचा अधिकार आणि थोडी रक्कम पाळीप्रमुखाच्या हाती दिली जाईल. तिसऱ्या गोष्टीवर मालक सहसा अडतात. तेथे तुम्हीही अडून बसा. काहीच बदलण्याची तयारी नसेल तर विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंत्राटी माणसांना वगळण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण पुष्कळ कारखान्यांत वाळू, फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणे) आणि पॅकिंग ही कामे तेच करतात आणि आपल्याला कोणी विचारत नाही, ही त्यांची भावना खरी असते.

३. गट कसे पाडावेत

एका गटात सहा ते आठ माणसे पुरेत. चहा धरून एका बैठकीला साधारण दीड तास लागतो. गट चालवणारा माणूस त्या गटाचा प्रत्यक्ष वरिष्ठ नसावा. दुसऱ्या विभागातील एखादा जाणता फोरमन किंवा सर्वांना परिचित अशी लेखा विभागातील बाई चालेल. चालवणाऱ्याला व्याख्यान देण्याची हौस नसावी, एवढी एकच पात्रता मी पाहतो.

बायकांचा गट, निदान पहिल्या वेळी, वेगळा बसवावा. यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या बायका मागावरच्या पुरुषांसमोर ‘आमचं काय, बरं चाललंय’ यापलीकडे जात नाहीत. त्याच बायका आपापसांत बसल्या की कोणत्या सुताला किती तुटणावळ आहे आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, हे तपशीलवार सांगतात. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना निराळे बोलावणे अवघड असते, कारण त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असते आणि बैठकीत गेलेला तास थेट मजुरीतून जातो. विड्या जमा करायला त्या येतात त्या दिवशी, तेवढ्या वेळाची मजुरी देऊन, चार-चार जणींशी बोलावे.

बैठकीची वेळ पाळी सुटल्यानंतरची कधीही ठेवू नये. चंदगड तालुक्यातून किंवा खानापूरच्या पलीकडून ये-जा करणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष शेवटच्या बसकडे असते. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी थांबवून घेणे तर अन्यायच आहे.

४. भाषेचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा

बाहेरच्या माणसाला येथील भाषेचा प्रश्न वर्तमानपत्रातून कळतो, आणि त्यामुळे कारखान्यात तो जसा असतो तसा दिसत नाही. प्रत्यक्षात एकच माणूस फिटरशी मराठीत, क्रेनवाल्याशी कन्नडमध्ये आणि बिहारहून आलेल्या मदतनिसाशी हिंदीत बोलत पाळी काढतो, आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. प्रश्न निर्माण होतो तो कागद पुढे आल्यावर. बोलताना मिसळलेली माणसे लिहिताना वेगळी होतात, कारण कोणाची शाळा मराठी माध्यमाची, कोणाची कन्नड माध्यमाची, तर कोणाची चौथीतच सुटलेली.

म्हणून प्रश्नांचे कार्ड एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड असे छापावे. दोन वेगवेगळे गठ्ठे करू नयेत. वेगळे गठ्ठे केले की कोण कोणता उचलतो याकडे पाहिले जाते, आणि एक बिनकामाचा विषय सुरू होतो. ज्याला ज्या भाषेत बोलायचे त्या भाषेत त्याने बोलावे आणि शेजारच्याने दोन वाक्यांत इतरांना सांगावे. गटात दोन्ही भाषा चांगल्या समजणारी निदान दोन माणसे हवीत. चालवणाऱ्याने कोणाच्याही भाषेची दुरुस्ती करू नये. ‘त्ये मोल्ड फुटलं’ असे कोणी म्हटले तर ते तसेच लिहावे. सीमाप्रश्नावर चर्चा वळू लागली तर ‘तो मोठा विषय आहे, आज मशीनचं बोलू’ एवढे म्हणून पुढे जावे. सगळे ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

५. साहित्य जमवा

- प्रश्नांची द्विभाषी कार्डे, माणशी एक, थोडी जास्तच. कार्डावर नाव किंवा टोकन क्रमांक लिहिण्याची जागा नसावी
- जाड टोकाची पेने, कारण वाळूत आणि तेलात काम केलेल्या बोटांना बारीक रिफिल नीट धरता येत नाही
- तक्रारींसाठी वेगळ्या रंगाचे कागद
- संमतीपत्रक, त्याच दोन भाषांत, एका पानापेक्षा मोठे नको
- मालकांच्या लेखी हमीची प्रत, सर्वांना वाचता येईल अशी भिंतीवर लावलेली
- गोल करून बसता येईल अशी जागा. कॅन्टीन चालते, साहेबांची केबिन चालत नाही
- चहा, आणि तो सुरुवातीलाच

मोबाइलवर आवाज मुद्रित करू नका आणि फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. फोन खिशात राहिलेला दिसला पाहिजे, तुमचा सर्वांत आधी.

६. प्रसंग विचारा, मत विचारू नका

सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

‘तुम्हाला कामाची प्रेरणा कशातून मिळते?’ असे सरळ विचारले की सरळसोट उत्तरे येतात: कष्टाला पर्याय नाही, काम हीच पूजा, कंपनी आपली माता. बोलणारा खोटे बोलत नसतो. असल्या प्रश्नाला शाळेपासून अशीच उत्तरे द्यायची असतात, म्हणून तो देतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांच्याशी बोलताना ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. कामात विशेष बरे वाटले असा एखादा काळ आठवा आणि तेव्हा काय घडले ते सांगा, तसेच विशेष वाईट वाटले तो काळही सांगा, असे त्यांनी विचारले. बरे वाटल्याच्या हकिकतींत काहीतरी तडीस नेल्याचा आनंद, मिळालेली दाद, खुद्द कामातील गोडी आणि अंगावर आलेली जबाबदारी हे पुन्हा पुन्हा आले. वाईट वाटल्याच्या हकिकतींत व्यवस्थापनाची धोरणे, वरिष्ठांची वागणूक आणि कामाची परिस्थिती अधिक आली. पुढे या निष्कर्षांवर टीका झाली. चांगले झाले की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईट झाले की परिस्थितीला बोल लावतो, त्यामुळेच असे चित्र दिसते, हा त्यातील सर्वांत वजनदार आक्षेप होय. आपल्याला तो वाद सोडवायचा नाही. आपल्याला विचारण्याची रीत घ्यायची आहे.

मी वापरतो ते प्रश्न असे, आणि ते मुद्दाम बोलीच्या जवळ ठेवलेले आहेत:

- गेल्या वर्षात कुठल्या दिवशी घरी जाताना बरं वाटत होतं? त्या दिवशी काय झालं होतं?
- कुठलं काम कुणी बघत नसलं तरी तुम्ही नीटच करता?
- नवीन पोरगं कामाला आलं तर त्याला सगळ्यात आधी काय शिकवता?
- कामावरची कुठली गोष्ट घरी जाऊन सांगता?
- कुठल्या दिवशी गेटवरूनच परत फिरावं असं वाटलं? का?

यांतील दुसरा आणि तिसरा प्रश्न सर्वांत जास्त बोलता करतो, असे मी पाहिले आहे, कारण त्यांत स्वतःची स्तुती करण्याचा संकोच आड येत नाही. मोल्डिंगमधील, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणाऱ्या विभागातील, एका वयस्क कामगाराने, ज्यांना सगळे मामा म्हणत, तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून उठून मूठभर वाळूच आणली. ती त्यांनी मुठीत दाबली, मूठ उघडली, वाळूच्या गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेले दाखवले आणि गोळा दोन्ही हातांनी मधोमध मोडला. कड न भुरभुरता सरळ तुटली. ‘पाणी जास्त झालं तर हाताला चिकटतंय, कमी झालं तर कड ढासळतीय. लॅबचा आकडा मागनं येतोय,’ एवढेच ते म्हणाले. लॅबचा आकडा आणि आपला हात जुळला की त्या दिवशी जेवण गोड लागते, हे त्यांनी बऱ्याच वेळाने, वाळू झटकत झटकत सांगितले. त्यांना प्रेरणेवर चार वाक्ये बोलायला सांगितले असते तर त्यांनी हात जोडले असते.

पतसंस्थेत हाच प्रश्न विचारला, तेव्हा पिग्मी (दुकानदारांकडून रोज घेतली जाणारी ठेव) गोळा करणाऱ्या एका प्रतिनिधीने सांगितले की नवीन मुलाला तो आधी पावती फाडायला शिकवत नाही, दुकानदाराचा चेहरा वाचायला शिकवतो. रोज शंभर देणारा आज वीस देऊन मान वळवतो, तेव्हा काही न विचारता वीसची पावती द्यायची आणि उद्या पुन्हा तितक्याच हसतमुखाने जायचे, हे त्याच्या दृष्टीने कामाचे मर्म होते. त्याच्या मासिक अहवालात मात्र त्या दिवसाची नोंद केवळ ‘वसुलीत घट’ अशी होत असे.

७. आधी एकट्याने, मग दोघांत, मग गटात

कार्ड दिल्यावर दहा-पंधरा मिनिटे पूर्ण शांतता ठेवा. पाचही प्रश्नांची उत्तरे देण्याची सक्ती नको, एक पुरे. लिहिता न येणाऱ्याला वेगळे काढू नका. ‘लिहायचं असेल त्यांनी लिहा, नाहीतर मनात ठेवा’ असे सर्वांनाच सांगितले की कोणाचे उणे दिसत नाही. त्यानंतर दोघा-दोघांनी एकमेकांना सांगावे, आणि मगच गटात.

गटात क्रम कसा लावायचा, याकडे लक्ष द्यावे. सर्वांत ज्येष्ठ माणसाने आधी बोलले की आपल्याकडे त्याच्याहून लहान असलेले ‘मामा म्हणाले तेच’ म्हणून मोकळे होतात. सर्वांत नवख्याला आधी उभे केले तर तो गोंधळतो. पाच-सात वर्षे झालेल्या माणसापासून सुरुवात करावी. पर्यवेक्षक गटात असलाच तर त्याने शेवटी बोलावे, आणि तेही स्वतःविषयी. ज्याला सांगायचे नाही त्याने ‘पुढे जाऊ द्या’ म्हणावे. त्याला कोणी कारण विचारू नये. सल्ला देणे, मध्येच गंमत करणे आणि ‘हे तर काहीच नाही, माझं ऐका’ असे म्हणणे, या तीन गोष्टी बंद.

८. ‘पोटासाठी’ हे उत्तर आले तर

ते येणारच, आणि पुष्कळदा पहिलेच येईल. नवखा व्यवस्थापक येथे दोन प्रकारे चुकतो: एक तर त्याला हे उत्तर वरवरचे वाटते आणि तो ‘ते सोडा हो, त्याच्यापलीकडचं सांगा’ असे म्हणतो, किंवा हा माणूस आता पगारवाढ मागणार अशा भीतीने तो विषयच बदलतो. पोटासाठी काम करणे हे पूर्ण आणि सन्मानाचे उत्तर आहे. त्याच्या खाली काही असेलच असे नाही. बोलणाऱ्याला पुढे बोलावेसे वाटत असेल तर ‘पगार हातात आला की पहिल्यांदा काय करता?’ असा साधा प्रश्न विचारावा. मुलीची कॉलेजची फी, गावाकडच्या घराचा अर्धवट राहिलेला स्लॅब, आईचे औषध अशी उत्तरे येतात, आणि त्यांतूनच कोणाला पाळी बदलून हवी आहे, कोणाला जादा तास हवे आहेत आणि कोणाला ते मुळीच नको आहेत, हे कळते.

९. ऐकताना कोणत्या तीन गोष्टी टिपाव्यात

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतात माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत: आपल्या कामात आपली मर्जी चालणे, आपल्याला हे येते याची जाणीव असणे आणि आपण कोणाचे तरी आहोत असे वाटणे. प्रत्येक हकिकत ऐकताना तिच्यात यांपैकी काय दिसते याची खूण समासात करावी. मामांच्या वाळूत दुसरी गोष्ट ठळक दिसते, पिग्मीवाल्याच्या हकिकतीत पहिली आणि तिसरी. या खुणा तुमच्यासाठी आहेत. त्या वर्गीकरणाची नावे गटात उच्चारू नका, आणि ‘तुम्ही दुसऱ्या प्रकारचे’ असा शिक्का तर कोणावरही मारू नका.

१०. तक्रार आली तर ती तक्रार म्हणूनच घ्या

माणसे बोलू लागली की साठलेलेही बाहेर येते. पंखा बंद आहे, हातमोजे वेळेवर मिळत नाहीत, अमुक साहेब आईवरून बोलतात. ‘हा आजचा विषय नाही’ असे म्हणून ते झटकू नये, तसेच त्यात सगळी बैठक वाहूनही जाऊ देऊ नये. वेगळ्या रंगाच्या कागदावर ते त्यांच्यासमोर लिहा, वाचून दाखवा आणि केव्हापर्यंत उत्तर मिळेल ते सांगा. २० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती असणे कायद्याने आवश्यक आहे; तो कागद त्या समितीकडे गेला पाहिजे.

लैंगिक छळाचा सूर लागला, तर गटात एकही पुढचा प्रश्न विचारू नका. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि त्याहून लहान ठिकाणच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. त्या बाईंना बैठकीनंतर एकांतात, शक्यतो एखाद्या बाईनेच, ही माहिती द्यावी. पुढे काय करायचे ते त्यांनी ठरवावे.

११. काय सांगितले जाईल, हे सांगणाऱ्यानेच ठरवावे

गटात सांगितले म्हणजे फलकावर लावायला परवानगी दिली, असे होत नाही. दोन-तीन दिवसांनी प्रत्येकाला त्याच्या हकिकतीचे चार ओळींचे टिपण वाचून दाखवा आणि संमतीपत्रकावर तीनपैकी एक खूण करून घ्या: माझ्यापुरते ठेवा, आमच्या विभागापुरते ठेवा, सगळ्या कारखान्याला सांगा. ज्याने खूण केली नाही त्याचे ‘माझ्यापुरते’ असे समजावे. फलकावर लावण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारा, कारण घरी बोलणे झाल्यावर काहींचे मत बदलते. टिपण ज्या भाषेत सांगितले गेले त्या भाषेत वर आणि दुसऱ्या भाषेत खाली लावावे.

या टप्प्यावर मालकांना हमखास एक कल्पना सुचते: उत्तम हकिकतीला बक्षीस. ती नम्रपणे मोडून काढा. डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना गमतीचे कोडे सोडवायला दिले होते. कोडे सुटल्याबद्दल पैसे मिळालेल्यांचा त्या कोड्यातील रस पैसे थांबल्यावर कमी झालेला आढळला. शिवाय बक्षीस लावले की पुढच्या वर्षी सगळ्या हकिकती बक्षिसाच्या मापाने शिवून येतील, आणि आपल्याला पुन्हा ‘कंपनी आपली माता’ ऐकत बसावे लागेल.

१२. महिन्याच्या आत काहीतरी बदला

मोठे काही नको, पण दिसेल असे हवे, आणि ते ऐकलेल्या हकिकतीतूनच निघालेले हवे. मामांच्या बाबतीत नव्या भरतीच्या मुलांना पहिला आठवडा त्यांच्या हाताखाली देण्याचे ठरले आणि तेवढ्या काळापुरते त्यांचे रोजचे मोल्डचे उद्दिष्ट कमी केले. उद्दिष्ट कमी केले नसते तर ती जबाबदारी म्हणजे वाढीव काम ठरली असती, हे ध्यानात घ्यावे. फेटलिंगमधील माणसांनी सांगितले होते की रिजेक्शन आले की त्यांना त्याच दिवशी कळते, पण माल पास झाल्याचे कधीच कळत नाही. त्यावर ग्राहकाचा ‘माल चांगला आहे’ असा निरोप पाळीच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली, आणि यंत्रकाम होऊन तयार झालेला एक पंप आणून विभागात ठेवला. आपण घासलेला कास्टिंगचा तुकडा शेवटी कशात बसतो, हे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी तोवर पाहिलेले नव्हते.

काही बदल तर कर्मचाऱ्यांनी स्वतःहून केलेलेच असतात, फक्त ते कोणाच्या कागदावर नसतात. अमेरिकी संशोधिका जेन डटन आणि त्यांच्या सहसंशोधिकेने २००१ साली लिहिताना अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या सफाई कर्मचाऱ्यांचे उदाहरण दिले होते: काम तेच असूनही त्यांच्यापैकी काही जण रुग्णांशी दोन शब्द बोलणे आणि त्यांना काय हवे-नको ते पाहणे हा आपल्या कामाचाच भाग समजत होते. पिग्मी प्रतिनिधीचे चेहरा वाचणे याच जातीचे आहे. अशा ठिकाणी नवे काही लादण्याऐवजी आड येणारी गोष्ट काढून टाकावी. पतसंस्थेत महिन्याच्या अहवालात ‘खाते चालू राहिले’ असा एक रकाना वाढवला, एवढ्यानेच पुरेसा फरक पडला.

जे करता येणार नाही, ते कारणासह स्पष्ट सांगा. ‘बघू’ हा शब्द वापरू नका.

१३. पुढची भेट आणि कागदांची विल्हेवाट

तीन महिन्यांनी प्रत्येकाशी दहा मिनिटे, उभ्या-उभ्या चालेल, पण एकट्याने बोला. केलेला बदल टिकला का आणि मध्यंतरी बरे वाटलेला नवीन दिवस कोणता, एवढेच विचारावे. सगळा गट पुन्हा वर्षाने बसवावा. त्याआधी बसवला तर त्याची मासिक सभा होऊन जाते.

मूळ कार्डे टिपणे मंजूर झाल्यावर फाडून टाकावीत, आणि शक्यतो त्या-त्या माणसाच्या हातूनच. संमतीपत्रके आणि मंजूर टिपणे एका फायलीत, कुलुपात ठेवावीत. वैयक्तिक सेवापुस्तिकेत त्यांतला एकही कागद जाता कामा नये. तुमची बदली झाली तर ती फाईल नव्या अधिकाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी मालकांच्या लेखी हमीची प्रत तिच्या पहिल्या पानावर लावा, आणि फाईल कोणाकडे गेली हे कर्मचाऱ्यांना सांगा.